सोबतीण हवी: स्तनाच्या कॅन्सरच्या निदानानंतर, यातून गेलेली बाई कशी शोधायची

एका धाकट्या बहिणीचा प्रश्न असा आहे: मोठी बहीण, वय ४४, गडहिंग्लजजवळच्या खेड्यात राहते. डाव्या स्तनातल्या गाठीची बायॉप्सी झाली, कॅन्सर निघाला. कोल्हापुरात आधी केमो आणि मग ऑपरेशन असं ठरलं आहे. घरचे सगळे धीर देतात, पण ती गप्प असते. ‘तुम्हाला नाही कळायचं’ एवढंच म्हणते. यातून गेलेल्या बायकांच्या एखाद्या गटात तिला घालावं का? कोल्हापुरात हे कसं जमवायचं?

गटाचा विचार सध्या बाजूला ठेवा. आधी एक बाई शोधा. निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पेशंटच्या डोक्यात गाठीचा आकार, रिपोर्टमधली इंग्रजी अक्षरं, मुलांच्या परीक्षा, म्हशींची धार कोण काढणार आणि उसाचं बिल कधी जमा होणार, हे सगळं एकदमच चालू असतं. अशात दहा बायकांच्या दहा कहाण्या कानावर पडल्या, तर त्यातली सगळ्यांत वाईट तेवढी लक्षात राहते. एका बाईशी फोनवर वीस मिनिटं बोलणं मात्र पेलतं. पद्धत जुनीच आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेसी लॅसर या बाईंनी स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर इतर पेशंट बायकांच्या खाटेशी जाऊन बोलायला सुरुवात केली. त्यातून ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम उभा राहिला आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपल्याकडे घेतला. जी यातून पार पडली आहे तिने, जी आत्ता यात आहे तिच्याशी, एकटीने एकटीशी बोलायचं, एवढाच त्याचा गाभा.

पण त्याआधी एक गोष्ट नक्की करा: बहिणीला स्वतःला ‘कॅन्सर’ हा शब्द सांगितला आहे ना? आपल्याकडे पुष्कळ घरांत ‘साधी गाठ आहे, सलाईन लावणार आहेत’ एवढंच पेशंटला सांगतात आणि फाईल दीर किंवा मुलगा सांभाळतो. अशा बाईला सोबतीण जोडून देता येत नाही. समोरची तिसऱ्याच वाक्याला केमोचं नाव घेणार आणि सत्य परक्या तोंडून बाहेर पडणार. मग राग सोबतिणीवर निघतो, घरच्यांवरही निघतो. तिला माहीत नसेल तर डॉक्टरांसमोर बसवून आधी ते सांगून घ्या. बहुतेक बायकांना अंदाज आलेलाच असतो. त्या घरच्यांची सोय म्हणून गप्प असतात.

आता ही बाई सापडते कुठे? केमोच्या डे-केअर वॉर्डमध्ये. जिथे उपचार चालू आहेत तिथल्या सोशल वर्कर मॅडम, केमो देणाऱ्या सिस्टर, ऑपरेशननंतर हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आणि सरकारी योजनेच्या काउंटरवरचे आरोग्यमित्र, या चौघांना जुने पेशंट चेहऱ्याने ओळखीचे असतात. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, पण ओपीडीच्या गर्दीत ते ‘बघू’ म्हणतील आणि विसरतील. तो त्यांचा दोष नाही. सिस्टरला मात्र कोणती बाई दर तीन महिन्यांनी तपासणीला येते, कोण हसतखेळत येते, कोण बोलायला चांगली आहे, हे नेमकं ठाऊक असतं. गावाकडच्या आशाताईंनाही विचारा, पण बहिणीचं नाव न घेता. एका आशाताईकडे हजारभर लोकसंख्या असते आणि गावात बातमी फिरायला संध्याकाळही लागत नाही.

विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. ‘कुणाचा तरी नंबर द्या’ असं म्हटलं की दवाखाना नाही म्हणणार, आणि ते बरोबरच आहे, कारण दुसऱ्या पेशंटचा नंबर देणं त्यांच्या हातात नाही. उलट करा. तुमचा नंबर द्या आणि समोरच्या बाईने होकार दिला तर तिनेच फोन करावा असं सांगा. एका चिठ्ठीवर, नाव न लिहिता, एवढंच लिहा:

‘वय ४४. दोन मुलं, थोरली बारावीत. डावा स्तन. आधी केमो, मग ऑपरेशन. घरी शेती आणि म्हशी. उपचार संपून वर्ष झालेल्या ताईंशी बोलायचं आहे. फोन दुपारी २ ते ४, सोमवार सोडून.’ खाली नंबर.

मुलांची वयं आणि म्हशी यांत उगाच घातलेल्या नाहीत. चिठ्ठी वाचून सिस्टरच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट बाई यावी लागते. ‘ब्रेस्ट कॅन्सर पेशंटला सपोर्ट हवा’ असं लिहिलं तर कुणीच समोर येत नाही. (मुलांची वयं आणि घरची परिस्थिती तुमची खरी ती लिहा, हा नुसता नमुना आहे.) अशा दोन चिठ्ठ्या दोघींकडे द्या. आठ-दहा दिवसांत फोन आला नाही तर पुढच्या केमोच्या दिवशी पुन्हा आठवण करा. कोल्हापुरात जुळलं नाही तर इंडियन कॅन्सर सोसायटीची १८००-२२-१९५१ ही टोल-फ्री हेल्पलाईन आहे. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या मतासाठी जाणार असाल तर तिथल्या पेशंटसोबत काम करणारी ‘व्ही केअर’ ही संस्थाही आहे. या संस्थेतले पुष्कळ स्वयंसेवक स्वतः कॅन्सरमधून गेलेले आहेत.

जुळवणी करताना लोक पहिली चूक करतात ती गावावरून. ‘आमच्या शेजारच्या गावच्याच एक काकी आहेत’ म्हणून त्यांनाच गाठतात. अंतर ही सगळ्यांत शेवटी बघायची गोष्ट. फोनला चंदगड काय आणि शिरोळ काय, सारखंच.

पहिल्यांदा बघायचं ते आजार कुठवर आला होता. स्तन आणि काखेपुरता असलेला आजार वेगळा, हाडांत-फुफ्फुसात गेलेला वेगळा. पहिल्यात उपचार संपतात. दुसऱ्यात ते चालूच राहतात, कधी कधी कित्येक वर्षं. या दोघींची गाठ घालून दिली तर एकीला दुसरीत आपलं भविष्य दिसतं, आणि दुसरीला आपण कुणाच्या तरी भीतीचं चित्र झालो आहोत हे जाणवतं. पसरलेला आजार असलेल्या बाईलाही सोबतीण हवीच असते, जास्तच हवी असते. तिला तिच्यासारखीच शोधून द्यावी.

मग उपचारांचा क्रम. तुमच्या बहिणीला आधी केमो आहे. जिचं आधी ऑपरेशन झालं अशी बाई भेटली तर ती सहज म्हणून जाते, ‘माझं तर लगेच काढून टाकलं, तुझी गाठ अजून आत कशी ठेवली?’ त्या रात्री बहिणीला झोप लागणार नाही. खरं तर आधी केमो देण्यामागे ठरलेली कारणं असतात: गाठ आक्रसली की कधी कधी पूर्ण स्तन काढावा लागत नाही, आणि औषध लागू पडतंय का तेही दिसतं. पण भीती बसल्यावर हे समजावणं जड जातं. रिपोर्टमधल्या ईआर, पीआर आणि हर-टूचंही (गाठीच्या पेशी हार्मोनवर किंवा हर-टू नावाच्या प्रथिनावर वाढतात का, हे सांगणाऱ्या चाचण्या) तसंच. ईआर पॉझिटिव्ह असलेल्या बाईला पुढे पाच ते दहा वर्षं रोजची गोळी असते, हर-टू पॉझिटिव्हला साधारण वर्षभर दर तीन आठवड्यांनी वेगळं इंजेक्शन, आणि तिन्ही निगेटिव्ह असणाऱ्या बाईला ही रोजची गोळी नसते. मग ‘मला गोळी का दिली नाही, डॉक्टर विसरले का’ अशी शंका एका फोनमधून उभी राहते. टप्पा, क्रम आणि हे रिपोर्ट अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर उत्तमच, पण निदान आजाराचा टप्पा आणि उपचारांचा क्रम जुळलाच पाहिजे.

वय आणि पाळी हेही बघा. चव्वेचाळिसाव्या वर्षी केमोने बऱ्याचदा पाळी थांबते, अंगातून वाफा निघतात, नवराबायकोच्या नात्यावर परिणाम होतो. सत्तरीच्या आजींशी हे बोलता येत नाही, त्या कितीही मायाळू असल्या तरी.

आणि उपचार संपून निदान वर्ष झालेलं असावं. स्वतः केमोत असलेली बाई शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण म्हणून छान. पण आधाराला तिला गाठलं तर तिचा एक रिपोर्ट बिघडला की दोघीही कोसळतात.

पहिला फोन कधी आणि कुठून करायचा याला फार महत्त्व आहे. एकत्र कुटुंबात बायकांना खासगी बोलायला जागाच नसते. स्पीकरवर फोन लावून सासूसमोर होणारी बातचीत म्हणजे ‘होय, बरी आहे, देवाची कृपा’ एवढीच. बहिणीला तुमच्या घरी आणा किंवा गच्चीवर, मळ्यात एकटीला बोलू द्या. तुम्हीही तिथे बसू नका. अर्धा तास पुरे. पहिल्याच फोनला तास झाला तर दुसरा फोन टाळला जातो.

काय विचारावं हे तिने आधी कागदावर काढलं तर बरं. सोबतीण उत्तम सांगू शकते ते रोजच्या जगण्याचं. केस कधी गेले (बऱ्याच केमोत पहिल्या डोसनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळू लागतात, म्हणून पुष्कळ बायका आधीच बारीक करून घेतात), टोप घेतला की स्कार्फ, पोरीला काय सांगितलं. तोंड आलं तेव्हा काय खाल्लं. तांबडा-पांढरा सोडाच, साधी आमटीसुद्धा झोंबते, तेव्हा दहीभात, थंड पेज, पातळ खिचडी यावर दिवस कसे काढले. ऑपरेशननंतर ड्रेनची बाटली पदराआड कशी सांभाळली. बहुतेक बायका कापडी पिशवी शिवून गळ्यात अडकवतात, आणि साधारण एक-दोन आठवड्यांत पाणी दिवसाला ३० मिलीच्या खाली आलं की नळी निघते. पुढून बटणांचे ढगळ सुती ब्लाऊज आधीच दोन-तीन शिवून ठेवावेत, हे कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. पूर्ण स्तन काढल्यास सुरुवातीला आत कापसाचा हलका पॅड ठेवतात आणि जखम नीट भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, सिलिकॉनचा घेतात. टेलरला ब्लाऊजच्या आतून खिसा शिवायला कसं सांगितलं, हे सोबतिणीलाच विचारावं.

हाताविषयी तर जरूर विचारावं. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूचा हात सुजण्याचा धोका पुढे कायम राहतो. इथे खेड्यात त्याला निमित्त होऊ शकते एखादी लहानशी जखम: उसाच्या पाल्याने चिरणं, विळ्याने कापणं, चुलीचा चटका. तिथून जंतू शिरले की हात लाल होतो, गरम होतो, मग सूज चढते. शेतात जाताना पूर्ण बाहीचा शर्ट आणि हातमोजे घालावेत, आणि हात लाल झाला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. ‘त्या हाताने आता काहीच करू नकोस’ हा जुना सल्ला मात्र कुणी दिला तर ऐकू नका. शिकवलेले व्यायाम करत हळूहळू वापर वाढवला तर हात सुधारतो, झाकून ठेवला तर खांदा आखडतो. धार काढायला आणि भाकरी थापायला किती महिन्यांनी सुरुवात केली, हे म्हशी असणारी सोबतीण जितकं नेमकं सांगेल तितकं कुणी सांगणार नाही.

काही प्रश्न मात्र सोबतिणीला विचारायचे नाहीत. कोणतं औषध, किती डोस, ऑपरेशन कुठलं, गोळी बंद करू का. यात सगळ्यांत महाग पडते ती टॅमॉक्सिफेनसारख्या, हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या त्या रोजच्या गोळीची गोष्ट. ‘मला वाफा यायच्या, मी दोन वर्षांत सोडली, मला काही झालं नाही’ असं सांगणारी बाई भेटतेच. ती खोटं बोलत नसते. पण आजार परत आला त्या बाया असं सांगायला समोर येत नाहीत. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलू शकतात, त्रासावर औषध देऊ शकतात. स्वतःहून बंद करू नये. तसंच ‘माझ्या मुलीला होईल का’ या प्रश्नाचं. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात, आणि तुमच्या घरात तसं आहे का, हे जनुकीय तपासणीचा सल्ला देणारे तज्ज्ञ सांगतील. तुम्ही सख्ख्या बहीण आहात, तेव्हा हा प्रश्न तुम्हीही तुमच्यासाठी डॉक्टरांना विचारा.

ताप आला तर तो कुणालाच विचारायचा विषय नाही. दर तीन आठवड्यांनी केमो असेल तर डोसनंतरच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या काळात थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं, की रात्र असो वा सण, थेट दवाखाना. गडहिंग्लजहून कोल्हापूर जवळ नाही, म्हणून तिथल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात आधी जायचं हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. ग्रुपवर ‘ताप आहे, काय घेऊ?’ असं टाकून उत्तराची वाट बघण्यात गेलेले तीन तास जिवावर बेततात. त्याच दिवसांत बैठका, लग्नं, अंबाबाईच्या देवळातली गर्दीही टाळावी; भेट फोनवर.

आता गटाविषयी. दोन-तीन केमो झाल्यावर बहीण स्वतःच ‘अजून कुणी आहेत का’ असं विचारू लागली, तर ती वेळ. दवाखान्यात गट चालत असेल तर आधी एकदा नुसतं बसून यायचं. चांगला गट ओळखायचा कसा? सूत्रं कुणाच्या तरी हातात असतात, समुपदेशक किंवा तयार झालेली जुनी पेशंट. एकच बाई सगळा वेळ बोलत नाही. काही विकायला कुणी येत नाही. आणि आजार परत आलेल्या बाईला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून गप्प करत नाहीत. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. रडू न देणारा गट घरच्यांसारखाच निरुपयोगी.

गटाने आयुष्य वाढतं असं कुणी सांगितलं तर त्याला थोडं मागे ओढा. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, डेव्हिड स्पीगल या मानसोपचारतज्ज्ञांच्या अभ्यासात, पसरलेला आजार असलेल्या आणि गटात जाणाऱ्या बायका जास्त जगल्याचं दिसलं, आणि त्याचा गाजावाजा झाला. पण २००१ साली कॅनडातल्या २३५ बायकांच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, विशेषतः ज्या आधी फार त्रासात होत्या त्यांची. तेवढ्यासाठी जायचं. गटात न जाणारी बाई स्वतःचं काही नुकसान करत नसते. मुळात कमी बोलणाऱ्या बाईला ओढून नेऊ नये.

व्हॉट्सॲप ग्रुप हा वेगळाच प्रकार. तिथे पहिल्या आठवड्यातच लक्ष्मणफळ, गोमूत्र, ‘साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो’ आणि ‘सुई टोचली की पसरतो’ हे चारही येतात. चारही निराधार. केमो चालू असताना काढे आणि हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. भाजीतल्या हळदीचा प्रश्न नाही. बहीण ग्रुपवर गेलीच तर नोटिफिकेशन बंद ठेवायला सांगा, रिपोर्टचे फोटो टाकू देऊ नका, आणि ‘ॲडमिन कोण, त्याचं दुकान काय’ हे आधी बघा. मृत्यूची बातमी तिथे कशी येते हाही प्रश्न असतो. सकाळी उठून फोन उघडावा आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे साठ मेसेज दिसावेत, हे केमोच्या आदल्या दिवशी फार वाईट. नीट चालणाऱ्या ग्रुपमध्ये ॲडमिन त्या बाईच्या जवळच्या मैत्रिणींना आधी फोन करून सांगते, मग एकच संदेश टाकते आणि त्या दिवशी उत्तरं बंद ठेवते.

गट नसेलच तर चार ते सहा जणींचा लहान गट चालवता येतो. महिन्यातून एकदा, दीड तास. जागा दवाखान्याचा किंवा वाचनालयाचा छोटा हॉल, शक्यतो मध्यवर्ती बसस्थानकाच्या जवळ, पाठ टेकायच्या खुर्च्या आणि स्वच्छ बाथरूम असलेला. कुणाच्या घरी घेऊ नका. चहा-पोह्यांचं ओझं, शेजारणींच्या चौकश्या आणि कुणाच्या घरी जायचं-नाही याची न बोलली जाणारी गणितं सुरू होतात. अकरा ते साडेबारा ठेवलं की चंदगड-आजऱ्याच्या बायका उजेडात घरी पोचतात. पहिल्या फेरीत प्रत्येकीने पाच मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, ‘मी आज ऐकणार’ म्हणायची मुभा. गटाला हळदी-कुंकवाचं रूप देऊ नका, त्यात विधवा बायका आपोआप बाहेर पडतात. भिशीही नको. पैसे आले की न फेडता आलेली बाई येणं बंद करते, आणि उपचारांच्या काळात न फेडता येणारीच जास्त असते.

आधार कमी पडतोय हेही ओळखावं लागतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवण नाही, मुलांकडेही लक्ष नाही, किंवा ‘मी गेले तर बरं’ असं बोलणं आलं, तर सोबतीण पुरेशी नाही. केमोच्या डॉक्टरांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तो विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मरणाची भाषा आली तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी फोन करा.

नवऱ्यालाही कुणीतरी लागतो, त्याची सोय सहसा कुणी करत नाही. सोबतिणीच्या नवऱ्याचा नंबर मिळाला तर दाजींना द्या. पुरुष फोनवर ‘कसं वाटतंय’ बोलत नाहीत, पण योजनेची कागदपत्रं कुठे अडली आणि मुंबईला जाताना रेल्वेची सवलत कशी घेतली यावरून सुरुवात होते.

उपचार संपल्यावर सोबतिणीचे फोन थांबवू नका, उलट त्याच वेळी ते लागतात. शेवटचा शेक (रेडिएशन) झाला की घरचे पेढे वाटतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा पूर्वीसारखी राबेल असं धरून चालतात. तिला मात्र थकवा कित्येक महिने राहतो आणि दर तपासणीच्या आधी पोटात गोळा येतो. पहिली काही वर्षं तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी असते, म्हणून सोबतिणीशी ठरवून ठेवा: तारखेच्या आठवडाभर आधी एक फोन आणि रिपोर्ट आल्यावर एक. बहीण बरी झाली की सिस्टर तिच्याकडेही कुणाची तरी चिठ्ठी घेऊन येतील. तेव्हा तिने वर्ष झालं नसेल तर सरळ नाही म्हणावं, आणि हो म्हटलंच तर एका वेळी एकच बाई घ्यावी.